पेरभर वाढ आणि गप्प बस

या वेळचं पत्र नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून आलंय, चांगलं लांबलचक आहे, पाच-सहा प्रश्न आहेत, पण मी त्यातल्या एकालाच धरून बसणारे, आधीच सांगते.

"ताई, मुलगी साडेचार वर्षांची. कोरा पास्ता, दहीभात, चीज आणि हॅगलस्लॅग (चॉकलेटचे बारीक दाणे) घातलेला ब्रेड, बास, एवढंच खाते. नवीन काही दिसलं की तोंड फिरवते, भेंडी तर ताटाला लागलेलीही चालत नाही. रोज रात्री आयपॅड लावून तासभर मागे लागते तेव्हा कुठे चार घास जातात. जूनमध्ये सासूबाई येताहेत, त्या म्हणणार पोरीला काही वळणच लावलं नाही."

अगं, घासांचं एवढं नाही, खरं दुखणं त्या शेवटच्या वाक्यात आहे. आपलं सगळ्यांचंच असं होतं, एरवी इथे बघायला कुणी नसतं म्हणून सगळं खपून जातं, आणि तिकडे व्हिसा लागला की आपण इकडे पोरीच्या तोंडात पालक कोंबायला लागतो. ते आधी थांबव.

साधारण दोन ते सहा या वयात मुलं नव्या पदार्थाला बिचकतात, सगळ्या देशांतली बिचकतात, तुझ्या वळणाचा त्यात काही संबंध नाही. शिवाय पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं आणि दोन वर्षांनंतर ते वर्षाला जेमतेम दोनेक किलो वाढतं, म्हणजे भूकच तेवढी लागत नाही. त्यात तूच लिहिलंयस की तीनला शाळेतून आली की ब्रेड, मग बिस्किटं, सहाला मोठा ग्लास दूध आणि साडेसातला जेवण. मग भूक लागणार कधी? शेजारची डच मुलं सहाला जेवायला बसतात, तूही सहा-साडेसहालाच वाढ. दूध दिवसभरात मिळून दोन कप पुरे, आणि ते जेवणाच्या तोंडावर नको.

आता माझा मुद्दा. (मला ओळखणारे म्हणतील आली ही परत ताटावर. येऊ दे.)

मुलीला ताट वाढ. ती कार्टूनची कप्पेवाली प्लेट आणि वाडग्यात कालवलेला भात बंद. छोटंसं स्टीलचं ताट घे, वर चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, डावीकडे चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये तिचा दहीभात. दहीभात काढायचा नाही हं, एक तरी हमखास आवडीचं ताटात पाहिजेच, नाहीतर ती बसणारच नाही. बाकी सगळं पेरभर. पेरभर म्हणजे खरंच बोटाच्या पेराएवढं, भेंडीची एक चकती, गाजराच्या कोशिंबिरीचे चार कीस. आणि वाढून झालं की गप्प बसायचं. "खाऊन तर बघ", "एकच घास आईचा", "बघ बाबा कसे खातात", यातलं काहीही बोलायचं नाही. टेबलावर दुसऱ्या गप्पा मारायच्या.

आपल्या ताटाच्या डाव्या बाजूची हीच तर गंमत आहे, नवी चव रोज समोर असते पण भीती वाटावी एवढी कधीच नसते. लहान मुलांवरच्या अभ्यासांत दिसलंय की नवा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा जरासा जिभेला लागला की मग कुठे तो आपलासा वाटायला लागतो, आणि आपण दोनदा भाजी केली की फोनवर आत्याला सांगून मोकळ्या, "हिला नाही हो भेंडी आवडत". तेही पोर शेजारी बसलेली असताना!

आग्रहाचं काय होतं ते पण ऐक. २००६ साली अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला, बालवाडीतल्या मुलांना मक्याचं आणि भोपळ्याचं सूप दिलं होतं, एकाच्या वेळी "संपव, संपव" म्हणून मागे लागले, दुसरं नुसतं समोर ठेवलं. मागे लागले तेव्हा मुलांनी कमी खाल्लं आणि कुरकूर कितीतरी जास्त केली. एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आहेत, त्या १९८० च्या दशकापासून सांगताहेत की काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवायचं, खायचं का आणि किती ते मुलानं. आमच्या मिरजेच्या सासूबाईंनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं, पण त्या ताट वाढून स्वयंपाकघरात निघून जायच्या, आणि त्यांच्या हातची चार पोरं कारलंसुद्धा खातात.

माझा धाकटा हेगमध्येच वाढलेला, तोही तुझ्या लेकीसारखाच कोऱ्या पास्त्यावाला. त्याच्या ताटात काकडीची कोशिंबीर पडायची. आधी तो काट्याच्या पाठीनं ती कडेला ढकलायचा, मग काही दिवसांनी त्यातल्या मोहऱ्या वेचून ताटाच्या काठावर ओळीनं लावायला लागला, मग एकदा बोट बुडवून दाण्याचं कूट चाटलं, आणि बरेच महिने तो फक्त कूटच खायचा. मी बघायचे आणि अहोंशी ट्राममधल्या गर्दीवर बोलत राहायचे. आता तो युनिव्हर्सिटीत आहे, फोन करून फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी विचारतो.

तू म्हणशील ताई, पानात टाकायचं नाही असं लहानपणापासून ऐकलंय. बरोबर आहे, म्हणूनच पेरभर. तेवढं वाया गेलं तरी जीव तुटत नाही, आणि उरलं तर तू खा, माझं वजन तसंच वाढलंय.

दोन गोष्टी आणखी. एक, वाढायचं काम तिलाच दे, कोशिंबिरीचा चमचा तिच्या हातात, सगळ्यांच्या ताटात तिनं वाढायची, हात लागला की अर्धी भीती जाते. दुसरी, तू हळूच लिहून गेलीस की "नवरा बटाटा आणि चिकन सोडून फार काही खात नाही". हे पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं! त्याच्या ताटात डावी बाजू वाढ, आणि त्याला पेरभरची सवलत नाही.

आयपॅड आणि भरवणं आजपासून बंद. पहिले काही दिवस ती नुसता दहीभात खाईल, एखाद्या रात्री तोही अर्धा टाकेल, चालेल. वीस-पंचवीस मिनिटांनी शांतपणे ताट उचल, पण नंतर "भूक लागली" म्हणाली म्हणून पास्ता उकळायला उभी राहू नकोस. भेंडीचं म्हणशील तर तिला बहुतेक तार नको असते, उभी पातळ चिरून, बेसन लावून कुरकुरीत कर. सुरिनामी टोकोमध्ये, म्हणजे त्यांच्या किराणा दुकानात, भेंडी मिळतेच, चवळीच्या शेंगा हव्या तर कौसेनबांट माग. वजन घटायला लागलं, घशाशी घास आला की उमासे येतात किंवा जे खाते तेही एकेक करून सुटत चाललंय असं दिसलं तर मात्र माझं ऐकत बसू नकोस, हौसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा.

बाकीचं पटापट. डब्यात पोळीभाजी नको म्हणते तर ब्रेड नेऊ दे, एका वेळच्या ब्रेडनं घराणं बुडत नाही. मराठीतून उत्तर देत नाही त्याबद्दल पुन्हा कधीतरी, तू मराठीतच बोलत राहा. व्हिटॅमिनच्या रंगीत गम्या कशाला? डी तेवढं चालू ठेव, नेदरलँड्समध्ये सावळ्या वर्णाच्या लोकांना चार वर्षांनंतरही रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात.

आणि सासूबाईंशी भांडू नकोस, कोशिंबीर आणि चटण्यांचं खातं त्यांच्याकडेच देऊन टाक, खूश होतील. फक्त पेरभरचा आणि गप्प बसायचा नियम त्यांना गाडीतच सांग, स्किपोल विमानतळावरून घरी पोचेपर्यंत तासाभराहून जास्त वेळ मिळतो. नवऱ्याला सांगू दे, आई त्याची आहे.