जान दिएलमान अर्ध्यात सोडलात, पण खरा सिनेमा तिथून पुढे सुरू होतो

तुम्ही लिहिलंय की चाळीस मिनिटं बघितला, बाई नुसती बटाटे उकडतेय, टब घासतेय, मुलाला जेवायला वाढतेय, म्हणून बंद केला, आणि असला सिनेमा साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमा मासिकाने २०२२ मध्ये घेतलेल्या जगातल्या सर्वोत्तम सिनेमांच्या मतदानात पहिला आलाच कसा. मीसुद्धा पहिल्या वेळी साधारण तिथेच सोडला होता, त्यामुळे वैताग पूर्ण कळतो.

पण तुम्ही फक्त पहिला दिवस बघितलात आणि या सिनेमात दिवस तीन आहेत. पहिल्या दिवशी काही म्हणजे काहीच बिघडत नाही. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, पैसे टेबलावरच्या सूपच्या भांड्यात आणि वर झाकण, मुलगा शाळेतून आला की सूप तयार. हे सगळं आपल्या अंगात मुरावं म्हणून दिग्दर्शिका शांताल आकरमान एवढा वेळ घेते. मग दुसऱ्या दिवशी दुपारी ते झाकण उघडं राहतं आणि बटाटे जास्त शिजतात. बस एवढंच, पण ती ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवायचं तेच तिला सुचत नाही, आणि मला खरंच छातीत धस्स झालं. पहिला दिवस पळवत बघितला असता तर त्या पातेल्याचं मला काहीच वाटलं नसतं. बटाटे सोलायचा तो प्रसिद्ध सीन यानंतरच येतो, ती नवीन बटाटे आणून परत सोलायला बसते आणि तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे नाही, सुरीच्या वेगाकडे बघा.

कथा थोडक्यात सांगायची तर ब्रसेल्समधली विधवा, एक मुलगा, घर चालवण्यासाठी ती देहविक्री करते, रोज दुपारी एक गिऱ्हाईक घरी येतं. आता यात आकरमानने जे केलंय ते मला सगळ्यात भारी वाटतं. दुसरा कोणीही दिग्दर्शक त्या बंद खोलीत कॅमेरा घेऊन गेला असता आणि स्वयंपाक दोन सेकंदात उरकला असता. इथे पहिले दोन दिवस दार लागतं, पुढच्या क्षणी पॅसेजमध्ये अंधार झालेला आणि माणूस निघालेला, पण मांसाला पीठ, अंडं आणि ब्रेडचा चुरा लावणं मात्र पूर्ण, एकही टप्पा न गाळता. बायकांच्या कामाचा वेळ सिनेमात कायम कापला जातो, तो हिने परत दिला. मला यातला स्त्रीवाद इथे दिसतो, एकही भाषण न करता. कॅमेरा एका जागी उभा, क्लोजअप नाही, पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे आता वाईट वाटून घ्या असं कोणी सांगत नाही, आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

आणि हे १९७५ साली, कान चित्रपट महोत्सवात दाखवला तेव्हा आकरमान २४ वर्षांची होती! युनिटमध्ये बहुतेक बायकाच, कॅमेरा बाबेत मांगोल्तचा. मुख्य भूमिकेतली देल्फिन सेरिग त्या वेळी मोठी स्टार, सिनेमात तिला लोकांनी नटलेली, रुबाबदार बघितलेलं आणि इथे ती हातानं खिमा मळत बसते. दर दहा वर्षांनी होणाऱ्या त्या मतदानात २०१२ ला हा ३६ वा होता, आणि पहिला येणारा बाईने केलेला हा पहिलाच सिनेमा. पण नंबरासाठी बघू नका, नंबर मनात ठेवून बघितलं की दर पाच मिनिटांनी "आता तरी काहीतरी होईल" असं वाटत राहतं आणि चिडचिड होते.

परत बघणार असाल तर एकाच बैठकीत बघा, २०१ मिनिटं आहेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि स्पीड अजिबात वाढवू नका. जमत नसेल तर पहिला दिवस संपल्यावर थांबा, दिवसाच्या मधे थांबू नका. शेवट मी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी कॉफी बिघडते आणि ती नव्याने बनवते, कोटाचं एक बटण शोधत दुकानं पालथी घालते, कॅफेत तिच्या नेहमीच्या जागेवर दुसरीच बाई बसलेली असते, तेव्हा तुमचा जीव वरखाली होतोय का ते बघा आणि इथे येऊन मला नक्की सांगा.