खांदा धरलाय? घडाची घाई नको
भाऊ, रावेरकडे केळीचे घड वाहणाऱ्यांचा खांदा धरणं नवं नाही. पण हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, म्हणजे बहुधा रोटेटर कफ दुखावलाय. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या या कंडरा फार हळू भरतात, तीन महिने सहज जातात. पण म्हणून हात गळ्यात बांधून बसू नकोस, खांदा आखडेल. वाकून हात सैल सोड, हलकेच झुलव. कळ उतरली की कोपर अंगाला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढ, तोही दुखणं वाढणार नाही इतकाच. झटका देऊन ‘बसवणाऱ्यां’कडे तर मुळीच नको! पडल्यावर हात उचलताच येत नसेल, तर लगेच जळगावला हाडांच्या डॉक्टरांना दाखव.