गावातल्या वाचनालयाने बदलत्या तंत्रज्ञानाशी कसं जुळवून घ्यावं?

संगणक, टॅब वगैरे खरेदीच्या आधी ग्रंथयादीकडे बघा. महाराष्ट्राच्या 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो लहान वाचनालयं आपल्याकडे आहेत. त्यातल्या काहींची यादी संगणकावर आहे, पण जुन्या फॉन्टमध्ये. दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती अक्षरांची खिचडी, शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या अक्षरप्रणालीत, आणा. मग ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्या: एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय किंवा कोहा वापरा. कोहा मुक्त स्रोत आहे, परवाना शुल्क लागत नाही.

पण माझ्या मते खरं काम पुढे आहे. आठवड्यातून एक तास लोकांना आपापला मोबाइल घेऊन बोलवा. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही, एवढं एक प्रत्यक्ष करून दाखवलं तरी एखाद्याची आयुष्यभराची बचत वाचेल. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो जुना आहे का, हे गूगल लेन्समध्ये कसं पाहायचं, तेही शिकवा. यासाठी ग्रंथपालाला आधी प्रशिक्षण द्या आणि त्या वेळेचे पैसेही द्या. तुटपुंज्या मानधनावर आणखी किती लादणार?

मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. त्याचा क्यूआर कोड कोशांच्या कपाटावर चिकटवा. वर्तमानपत्रांचं टेबल मात्र हलवू नका. सकाळी तिथे बसणारे ज्येष्ठच मोबाइलच्या तासाला सर्वात आधी येतील.