आमचा ‘नवतपा’ स्कायरिममध्ये का बनत नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, घरची शेती पाहतो. हरभऱ्याच्या ओलितासाठी लाइन रात्रीची असते. मोटर सुरू करून आलो की मी आणि चुलतभाऊ जुन्या कॉम्प्युटरवर ‘ऑब्लिव्हियन’ खेळत बसतो. त्यात आम्ही स्वतःचे स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र, बनवले. नऊ सेकंद जाळणारा आगीचा ‘नवतपा’, ओझं हलकं करणारा ‘कापूस’. आता ‘स्कायरिम’ घेतला, तर त्यात स्पेल बनवायची सोयच नाही. एवढी चांगली गोष्ट काहून काढली? आणि स्पेल बनवता येतील असा, जुन्या कॉम्प्युटरवर चालणारा दुसरा गेम कोणता?

उत्तर : भाऊ, ती सोय शोधण्यात आणखी रात्री घालवू नका, स्कायरिममध्ये ती नाहीच. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या गेमच्या मालिकेतल्या ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मोरोविंड’ (२००२) आणि तुमच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) स्पेल बनवता येत होते. २०११ साली स्कायरिम आला आणि ते बंद झालं.

बनवणाऱ्यांची बाजू आधी सांगते, कारण ती पोकळ नाही. दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांचं म्हणणं होतं की या सोयीमुळे जादू हिशेबाच्या तक्त्यासारखी झाली होती. जोर किती, सेकंद किती, घेर किती, हे आकडे सरकवले की झाला स्पेल. पण असे शंभर केले तरी दिसायला आगीचा गोळा तोच. स्कायरिममध्ये त्यांनी स्पेलना आपापली चाल दिली. बटण दाबून धरलं की ज्वाळेचा झोत सुटत राहतो. जमिनीवर रून, म्हणजे जादूचं चिन्ह, आखून ठेवला की शत्रू जवळ येताच फुटतो. बर्फाने त्याचा वेग मंदावतो, विजेने त्याची जादूची शक्तीही आटते. हे सगळं आकड्यांच्या पट्टीवर बसवणं अवघड होतं, हे मला पटतं.

दुसरं कारण लोक सांगतात ते पळवाटांचं. तुम्हालाही त्या सापडल्या असतील. आरोग्य १०० ने उतरवणारा, एकाच सेकंदाचा स्पेल स्वस्तात बनतो, आणि ज्याचं आरोग्य शंभराच्या आत आहे तो त्या सेकंदातच मरतो. किंवा जादूपुढे शत्रूला १०० टक्के दुबळं करणारे दोन वेगळ्या नावांचे स्पेल आलटून पालटून मारायचे. आधीच्या दुबळेपणामुळे पुढचा आणखी जोरात बसतो आणि आकडा वाढतच जातो.

हे कारण मला अजिबात मान्य नाही. स्कायरिममध्ये एन्चांटिंग, म्हणजे वस्तूंवर जादू चढवायचं कौशल्य, ठेवलंच आहे ना! त्यातले पर्क (कौशल्याबरोबर निवडायच्या खास सवलती) घेऊन ते शंभरावर नेलं, की चार वस्तूंवर प्रत्येकी २५ टक्के सूट चढवून डिस्ट्रक्शनचा, म्हणजे आग-बर्फ-विजेच्या जादूचा, खर्च थेट शून्यावर आणता येतो. मग दिवसभर आग ओका, शक्ती संपत नाही. इतकं मोठं भगदाड चाललं, तर आपली एका सेकंदाची पळवाट कोणाला सलत होती? एकट्याने खेळायचा गेम. त्यात कोणाचं नुकसान होत नाही.

मला सलतं ते वेगळंच. मी वर्ध्याकडच्या एका गावात गणित शिकवते. गुणाकार म्हटलं की तोंड फिरवणारी पोट्टी स्पेल बनवायच्या त्या वेदीपुढे तावातावाने भांडताना मी पाहिली आहेत. दर सेकंदाला १० ने नऊ सेकंद जाळायचं की ३० ने तीन सेकंद? दोन्हीकडे ९०च होतात, पण नऊ सेकंदांत शत्रूला सावरायला वेळ मिळतो. मग आपण पळत पळत लढायचं, की समोर उभं राहून? ज्याला हॉवर्ड हिशेबाचा तक्ता म्हणाले, त्या तक्त्यात ही मुलं रंगून गेली होती.

आणि ऑब्लिव्हियनमध्ये त्या वेदीपर्यंत पोचायलाही कष्ट होते. सात गावांतल्या जादूगारांच्या गिल्डची (संघाची) शिफारस मिळवल्याशिवाय, वेदी जिथे होती त्या आर्केन युनिव्हर्सिटीचं दार उघडत नसे. एकदा आत गेलं की शिकलेलं जोडून नवं करायचा हक्क मिळे, आणि पात्र वाढेल तसा नवतपाही नव्याने मांडता येई. स्कायरिममध्ये आगीच्या स्पेलचा मार ठरलेला: फायरबोल्ट २५ चा, इन्सिनरेट ६० चा. पर्कने दीडपट होतात, दोन्ही हातांनी एकत्र सोडले तर दुपटीहून थोडे जास्त. तिथून पुढे शत्रूचं आरोग्य वाढत जातं, तुमची आग तिथेच राहते. एकच स्पेल दोन्ही हातांत घेतला तर तो जोडला जातो, पण डाव्या हातात आग आणि उजव्यात बर्फ घेऊन तिसरं काही बनत नाही. ही जागा त्यांच्या हाताशी होती, आणि ती त्यांनी रिकामी सोडली याची मला खरंच हळहळ वाटते. एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हियनची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात वेदी शाबूत आहे. गेमचं त्याने काही बिघडलं नाही.

स्कायरिम घेतलाच आहे तर निदान नाव वाया घालवू नका. एन्चांटिंग करताना वस्तूला नाव देता येतं, तेव्हा आगीच्या तलवारीला ‘नवतपा’ म्हणा.

आता दुसरा प्रश्न. डॅगरफॉल २००९ पासून फुकट आहे, आणि चाहत्यांनी बनवलेल्या डॅगरफॉल युनिटीमुळे तो आजच्या कॉम्प्युटरवर नीट चालतो. स्कायरिमच्याच वर्षी आलेल्या ‘मॅजिका’त आठ तत्त्वं जोडून लढता लढता स्पेल बनतात; चुलतभावाबरोबर खेळायला तो छान. पण तुम्हा दोघांसाठी माझी पसंती मोरोविंडला. तो विकत घ्या आणि ओपनएमडब्ल्यू या फुकट इंजिनावर (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवा. त्यात जो परिणाम आपल्याला येत नाही तो स्पेलमध्ये जोडता येत नाही, म्हणून आधी तो परिणाम असलेला साधा स्पेल विकत घ्यायचा. कौशल्य कमी असताना महागडा स्पेल फसतो, तेव्हा सुरुवातीला जोर कमीच ठेवा. आणि हवेत उडवणारं लेव्हिटेशन जरूर शिका, ते ऑब्लिव्हियनमध्ये तुम्हाला मिळालंच नव्हतं. त्यात जोर म्हणजे फक्त उडण्याचा वेग, आणि उंचावर असताना सेकंद संपले तर पडून जीव जातो. त्यामुळे त्या स्पेलला वेग थोडा आणि सेकंद भरपूर द्या.