बंद गिरण्या, ओस जिन-प्रेस : जुन्या कारखान्यांच्या नव्या वापराविषयी वाचकांचे प्रश्न

बंद पडलेल्या गिरण्या आणि कारखाने यांच्या जुन्या इमारतींचे पुढे काय करावे, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. काही प्रश्न थोडक्यात उलगडण्यासारखे होते, तर शेवटच्या पत्राला सविस्तर उत्तर देणे भाग होते, कारण त्या पत्रलेखकांना प्रत्यक्ष निर्णय घ्यायचा आहे.

प्रश्न : माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात (विणकाम विभागात) होते. आज त्या जागी उंच निवासी मनोरे आहेत. परदेशात जुन्या कारखान्यांची संग्रहालये आणि नाट्यगृहे होतात, मग गिरणगावातल्या इमारती का पाडल्या गेल्या? त्या वापरण्याजोग्या उरल्या नव्हत्या का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : त्यांतील बऱ्याच इमारती उत्तम वापरण्याजोग्या होत्या. आपले वडील ज्या साचेखात्यात काम करत असत, त्या प्रकारच्या बैठ्या शेडवर करवतदाती छप्पर असे आणि त्याच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असत, जेणेकरून थेट ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा आणि तुटलेला धागा कामगाराच्या नजरेतून सुटू नये. असा उजेड चित्रशाळेला, शिवणवर्गाला किंवा अभ्यासिकेला तितकाच उपयोगी पडतो. कताईच्या बहुमजली इमारतींचे मजले यंत्रांचे वजन आणि त्यांचे हादरे सोसण्यासाठीच बांधलेले होते.

मुंबईची पहिली गिरणी उभारण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे सव्वाशे वर्षे या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधीच झाली नाही. मात्र गिरण्या केवळ संपामुळे बुडाल्या, असे म्हणणे कामगारांवर अन्याय करणारे आहे. यंत्रसामग्रीचे नूतनीकरण वर्षानुवर्षे टाळले गेले होते, यंत्रमागांची स्पर्धा वाढली होती आणि गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन कित्येक पटींनी मोलाची झाली होती.

या जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी त्यामागची कल्पना होती. १९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला आणि त्या गटाने एकेका गिरणीचा सुटा विचार न करता जमिनींचे एकत्रित नियोजन करावे, असे सुचवले. ते झाले नाही. उलट २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली, म्हणजे इमारती पाडून जी जमीन रिकामी होईल तिच्यावर महापालिकेचा किंवा म्हाडाचा हक्क उरला नाही. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

गिरणीच्या आवाराचा मोठा भाग शेडनीच व्यापलेला असतो, त्यामुळे या दुरुस्तीनंतर शेड पाडणे हाच मालकाचा सर्वांत मोठा लाभ ठरला. शेड उभी ठेवून तिला नवा उपयोग शोधणाऱ्याच्या पदरात मात्र नियमाने काही टाकले नाही. गिरणगावातल्या इमारती मोडकळीस आल्यामुळे गेल्या, असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा हा हिशेब समोर ठेवावा, असे मला वाटते.

प्रश्न : काही ठिकाणी सारे पाडून फक्त चिमणी राखलेली दिसते. याला जतन म्हणावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : माझ्या मते नाही. चिमणी हा बॉयलरचा अवयव आहे. बॉयलर, इंजिनघर आणि खाती पुसून टाकली, तर तिथे काय काम चालत होते हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्राची ९९ मीटर उंच चिमणी आजही उभी आहे, परंतु २००० साली तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झाले, तेव्हा टर्बाइनचे १५२ मीटर लांब दालनही तसेच अखंड ठेवले गेले. त्या दालनात उभे राहणाऱ्याला वीजनिर्मितीचा आवाका अंगावर आल्यासारखा जाणवतो.

प्रश्न : पुण्यातील राजाबहादूर मिल आणि मुंबईतील कमला मिल यांच्या आवारात उपाहारगृहे व कार्यालये आली. ही पुनर्वापराची चांगली उदाहरणे मानावीत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पाडण्यापेक्षा वापर बरा, म्हणून अशा उपयोगाला माझा तात्त्विक विरोध नाही. भाडे येते, छपराची डागडुजी होते, इमारत टिकते. मात्र २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, ही घटना या विषयात काम करणाऱ्या कोणालाही विसरता येणार नाही. औद्योगिक आवाराची आखणी माल आणि पाळीने येणारे कामगार यांच्यासाठी झालेली असते. तिथे रात्री शेकडो अनोळखी माणसे आणायची असतील, तर बाहेर पडण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग, अग्निशमन बंब आतपर्यंत पोहोचेल असा रस्ता आणि न पेटणारी आच्छादने या गोष्टी भाडेकरू ठरण्याआधी झाल्या पाहिजेत. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे, आणि इमारत जुनी आहे या सबबीवर त्यातून सूट मागणे मला अक्षम्य वाटते.

प्रश्न : कोल्हापूरच्या शाहू मिलच्या जागेवर राजर्षींचे स्मारक व्हावे, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. स्मारक आणि जुन्या इमारतींचा वापर यांचा मेळ कसा घालावा? मी सध्या जर्मनीत राहतो आणि एसेनची खाण पाहिल्यापासून हा प्रश्न मनात आहे. (एक वाचक, मूळ कोल्हापूर)

उत्तर : आपण ज्या खाणीचा उल्लेख केला आहे, ती त्सोलफेराइन खाण डिसेंबर १९८६ मध्ये बंद झाली. ती बंद होताच तिथल्या राज्य सरकारने ती जागा विकत घेतली आणि इमारतींना वारशाचे संरक्षण दिले. उपयोग काय करायचा हे तेव्हा ठरलेले नव्हते. २००१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली आणि कोळसा धुण्याच्या इमारतीतले रूर संग्रहालय तर २०१० मध्ये उघडले. म्हणजे खाण बंद पडल्यापासून संग्रहालयापर्यंत दोन तपे गेली, पण मधल्या काळात इमारत पडू दिली नाही. जवळच्या डुइसबुर्गमध्ये १९८५ साली बंद पडलेल्या पोलाद कारखान्याचे उद्यान झाले आहे. तिथे वायूच्या जुन्या टाकीत पाणी भरून लोक पाण्याखाली बुडी मारण्याचा सराव करतात आणि खनिज साठवण्याच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहक चढतात. यातून घेण्यासारखे हेच, की उपयोग सुचेपर्यंत छप्पर शाबूत ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते, आणि शाहू मिल सरकारच्या ताब्यात असल्यामुळे ही जबाबदारी कोणाची, हे स्पष्टच आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये या गिरणीचा पाया घातला. संस्थानातल्या माणसांना काम मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे त्यांच्या स्मारकासाठी ही गिरणी पाडून एखादी भव्य नवी वास्तू बांधणे मला विसंगत वाटते, कारण गिरणी हेच त्यांनी स्वतः उभारलेले स्मारक आहे. मे २०२२ मध्ये स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने मिलच्या आवारात प्रदर्शने भरली, तेव्हा जुन्या शेड गर्दी सामावून घेऊ शकतात हे कोल्हापूरकरांनी स्वतः पाहिले आहे.

नमुना म्हणून मी युरोपपेक्षा ब्राझीलकडे बोट दाखवीन. साओ पाउलो शहरात पिंपे बनवण्याच्या एका बंद कारखान्याचे सामाजिक केंद्र करण्याचे काम १९७७ मध्ये लीना बो बार्डी या वास्तुरचनाकार महिलेकडे आले. त्या जागा पाहायला गेल्या तेव्हा आसपासच्या वस्तीतली मुले तिथे चेंडू खेळत होती, कुटुंबे सुट्टीचा दिवस घालवायला आली होती. लोकांनी जागेचा उपयोग आधीच शोधलेला आहे आणि आपले काम तो पक्का करण्याचे आहे, अशी त्यांनी भूमिका घेतली. विटांच्या शेड तशाच ठेवून त्यांत वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा आणि भोजनगृह केले, आणि खेळांसाठी मागे काँक्रीटचे नवे मनोरे उभारले. १९८२ मध्ये, म्हणजे मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच वर्षी, ते केंद्र खुले झाले आणि आजही सर्व थरांतील माणसांनी ते भरलेले असते. शाहू मिलमध्ये एका खात्यात राजर्षींच्या कार्याचे आणि गिरणीचे दालन असावे, उरलेल्या खात्यांत तालीम, वसतिगृहातल्या मुलांसाठी अभ्यासिका, चर्मकाम व विणकाम शिकवणाऱ्या कार्यशाळा आणि नाटकांच्या तालमींसाठी जागा असावी, असे मला मनापासून वाटते. शिक्षण, कुस्ती, नाटक आणि उद्योग यांना राजाश्रय देणाऱ्या राजाचे नाव अशाच जागेला शोभेल.

प्रश्न : आमच्या आजोबांचा जिनिंग-प्रेसिंगचा (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा) जुना कारखाना तालुक्याच्या गावात वीस वर्षांपासून बंद आहे. भाऊबंदांचे मत तिथे मंगल कार्यालय काढावे असे आहे, गावातले बिल्डर सारे पाडून दुकाने काढा म्हणतात. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : उपयोगाचा निर्णय महिना-दोन महिने बाजूला ठेवा आणि आधी इमारतीची तपासणी करून घ्या. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडूनच स्ट्रक्चरल ऑडिट करावे, कारण केवळ आरसीसीची सवय असलेला माणूस चुन्यातली भिंत आणि बिडाचे खांब पाहून लगेच पाडण्याचा सल्ला देण्याची शक्यता असते. बिडाचा खांब वरून येणारा भार उत्तम पेलतो, पण तो ठिसूळ असतो. त्याला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून नवा माळा लटकवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. हवा असल्यास आतला माळा स्वतःच्या वेगळ्या खांबांवर उभा करावा.

छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी कैच्या मधल्या भागात धडधाकट दिसतात, परंतु त्यांची टोके जिथे भिंतीत शिरतात तिथे ओल धरते. लाकूड तिथेच कुजते आणि लोखंड तिथेच गंजते, म्हणून प्रत्येक टोक उघडून पाहावे. भिंतींच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, पुन्हा भरताना सिमेंट वापरू नये. सिमेंट विटेपेक्षा कठीण असते, भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही आणि काही पावसाळ्यांत विटांचे तोंड सुटू लागते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी झाले आहेत, तरी शोधल्यास सापडतात, आणि त्यांच्यासाठी चार पैसे अधिक मोजणे योग्यच आहे.

छपराचे पत्रे बदलण्याआधी ते कशाचे आहेत हे तपासा. जस्ताचे असतील तर अडचण नाही. ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतील, तर ते फोडू नयेत, कोरडे कापू नयेत किंवा घासू नयेत, कारण त्यांची सूक्ष्म तंतुमय धूळ फुप्फुसात जाऊन राहते आणि तिचे आजार कित्येक दशकांनंतर प्रकट होतात. ओले करून, अखंड उतरवून, गुंडाळून त्यांची विल्हेवाट लावावी लागते. इंजिनघराजवळची तेल मुरलेली माती आणि जुन्या वाफेच्या नळ्यांवरचे वेष्टणही तज्ज्ञाला दाखवून घ्या, विशेषतः त्या भागात पुढे लहान मुले येणार असतील तर.

आता मंगल कार्यालयाविषयी. विदर्भात लग्नसराईचा जोर नेमका उन्हाळ्यात असतो आणि पत्र्याखालची उंच शेड तेव्हा भट्टीसारखी तापते. ती थंड ठेवण्यासाठी खाली छत ठोकले, की कैच्या आणि उंची झाकली जाते आणि इमारतीचे वैशिष्ट्यच संपते. शिवाय वर्षातले मोजके मुहूर्त सोडले, तर जागा कुलपात राहते, आणि बंद राहणारी इमारत पुन्हा खराब होऊ लागते. त्याऐवजी उपयोग विभागून पाहावा, असे मी सुचवीन. जिन-प्रेसचे मोठे मोकळे आवार कापसाच्या गाड्या आणि गंजींसाठी राखलेले असते. समारंभ तिथे संध्याकाळी, मोकळ्या हवेत होऊ शकतात. रुईच्या गाठी ठेवण्याच्या गोदामात शेतकरी उत्पादक कंपनीला धान्य साठवण आणि प्रतवारीसाठी जागा देता येईल, आणि ते भाडे बारमाही असेल. रस्त्याकडच्या छोट्या कार्यालयीन इमारतीत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालेल. आज प्रत्येक तालुक्याला तिची गरज आहे. जिनिंग यंत्रांची मुख्य शेड सर्वांत शेवटी हाती घ्या. रांगेतली दोन-तीन जिनिंग यंत्रे आणि त्यांना फिरवणारा दांडा जागेवर असल्यास भंगारात घालू नका, कारण सरकी आणि रुई कशी वेगळी होत असे, हे गावातल्या मुलांना दाखवण्याचे दुसरे साधन तुमच्या परिसरात कदाचित नसेल.

जमिनीची परवानगी औद्योगिक वापराची असेल, तर वापर बदलण्यासाठी नियोजन प्राधिकरणाची मंजुरी आणि अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. वारसांची नावे उताऱ्यावर नीट चढलेली आहेत ना, हेही आताच पाहावे, कारण अनेक चांगले प्रस्ताव भाऊबंदकीत अडकून इमारती कोसळल्या आहेत. आवारात आगीसाठी बांधलेला पाण्याचा हौद असल्यास तो बुजवू नका, गाळ काढून पुन्हा वापरात आणा.

पैसा कमी असेल, तर यंदा एवढेच करा : छपराची गळती थांबवा, पन्हळी साफ करून घ्या, भिंतींत उगवलेले पिंपळ मुळासकट काढा आणि एक राखणदार ठेवा.