मागं राहिलेल्यांच्या बाजूनं

अंबाजोगाई

लेकरा, अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं प्रकरण दोनदा वाचलं. ‘ऑन द रोड’वर जीव ओतून लिहिलंयस, पण पानोपानी मोटार, वेग आणि मोकळेपणा. माणसं कुठायत? जॅक केरुॲकनं १९५१च्या एप्रिलात जोडकागदाच्या लांबलचक गुंडाळीवर तीनेक आठवड्यांत ही कादंबरी टंकली, १९५७ला ती छापून आली. त्या झपाट्यात तूही वाहवलास. आता ती मागं राहिलेल्यांच्या बाजूनं वाच.

कॅलिफोर्नियातला कापूसवेचणीचा भाग उघड. गोष्ट सांगणारा सॅल, त्याला वाटेत भेटलेली टेरी आणि तिचं पोरगं तंबूत राहतात. शंभर पौंडाला तीन डॉलर. सॅलची बोटं रक्ताळतात. टेरी दुप्पट भराभर वेचते, ते लेकरूसुद्धा त्याच्या पुढं जातं. पोरपणी मी आईसंगं वेचणीला जायचो. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसायची आणि रात्री भाकरी कोरड्यासात बुडवली की बोट असं झोंबायचं, की घास हातातच राहायचा. म्हणून ते पान मला खरं वाटतं, आणि म्हणूनच सॅलचं निघून जाणं फार लागतं. टेरी म्हणते, न्यूयॉर्कला येईन. येणार नाही, हे दोघांनाही कळलेलं असतं.

मेरीलू, कॅमिल, इनेझ. सॅलचा दोस्त डीन या तीन बायकांत एकीकडून दुसरीकडं पळत राहतो. त्याला नुसता बेजबाबदार म्हणून मोकळा होऊ नकोस मात्र. डेन्व्हरचा त्याचा दारुडा बाप कुठं भटकतोय ते त्याला शेवटपर्यंत सापडत नाही. थांबणारं माणूसच ज्यानं घरात पाहिलं नाही, त्यानं थांबायला शिकावं कुणाकडून? मेक्सिकोत सॅल तापानं फणफणलेला असताना हाच डीन त्याला टाकून जातो. अखेरीस न्यूयॉर्कच्या थंडीत जुनाट कोटातला डीन एकटा चालत निघतो आणि सॅल दुसऱ्यांच्या कॅडिलॅक गाडीतून नुसता हात हलवतो. त्या हातावर दोन पानं लिही. तुझ्या प्रकरणात त्याचा उल्लेखही नाही.

आपल्या बीडकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. मागं म्हातारी आणि शाळेतलं पोर. ही तुलना प्रबंधात घालू नकोस, पोटासाठीचं फिरणं निराळं. पण वाचताना ती म्हातारी डोळ्यांपुढं असू दे.

पत्राच्या शेवटी तू दोन ओळी घाईत लिहिल्यास: संभाजीनगरात वर्षात तीन खोल्या बदलल्या, कुणीच आपलं वाटत नाही. मला तर त्या दोन ओळींचीच काळजी लागली. यंदा खोली बदलू नकोस. मेसही तीच ठेव. तापात पडला होतास तेव्हा शेजारच्या खोलीतला पोरगा आठवडाभर डबा आणायचा, असं तूच लिहिलंयस, पण त्याचं नाव लिहिलं नाहीस. आज संध्याकाळी त्याच्याकडं जा, आणि पुढच्या पत्रात त्याचं नाव कळव.

तुझा,
सर