वाचकांचे प्रश्न : दोघे असूनही आम्ही का हरतो?

प्रश्न : मी आणि माझा मित्र संगणकावर दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढतींचा सिम्युलेटर खेळतो. आम्ही दोघेही फोकवुल्फ १९० हे जर्मन लढाऊ विमान घेतो. समोर एकटे स्पिटफायर ५ हे ब्रिटिश लढाऊ विमान असले, तरी दोन-तीन वळणांत ते आमच्या मागे येते. आमचे काय चुकते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्या एका गोष्टीत स्पिटफायर सरस आहे, नेमकी तीच तुम्ही लढाईसाठी निवडता. २३ जून १९४२ रोजी आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधील पेम्ब्रीच्या ब्रिटिश तळावर उतरला आणि त्याचे धडधाकट फोकवुल्फ ब्रिटिशांच्या हाती आले. स्पिटफायर ५ शी तुलना केली, तेव्हा वेग, चढण, सूर मारणे आणि झटकन कुशी बदलणे या सर्वांत ते पुढे निघाले. लहान वर्तुळात वळण्यात मात्र स्पिटफायर पुढे राहिले.

वळण महाग का पडते, हे आकड्यांत पाहू. उंची आणि वेग ही एकाच ऊर्जेची दोन रूपे आहेत. ताशी ५४० किलोमीटर वेग असेल, तर हवेचा विरोध बाजूला ठेवल्यास त्या सगळ्या वेगाची सुमारे ११५० मीटर उंची होते. ३६० किलोमीटर वेगाची जेमतेम ५१० मीटर. म्हणजे एका जोरकस वळणात वेगाचा काटा ५४० वरून ३६० वर आला की, उंची दाखवणारा काटा जागचा हललेला नसतानाही तुम्ही सहाशेहून अधिक मीटर उंची घालवलेली असते. चार ‘जी’च्या, म्हणजे वजन चौपट भासणाऱ्या, वळणात पंखांना चौपट उचल द्यावी लागते आणि त्या उचलीपोटी येणारा विरोध, वेग तोच असेल तर, सोळापट होतो. शिवाय फोकवुल्फची स्टिक (नियंत्रणाचा दांडा) फार ओढली, तर ते पुरेशी पूर्वसूचना न देता एका पंखावर उलटते.

म्हणून वरून या, जवळ पोहोचल्यावर क्षणभर गोळीबार करा आणि स्पिटफायर वळले की त्याच्या मागे न वळता, पंख सरळ करून, हलक्या हाताने वर निघा. एक अपवाद मात्र ध्यानात असू द्या : ते तुमच्याइतक्याच वेगाने मागे लागलेले असेल, तर वर चढणे म्हणजे त्याच्या नेमात जाणे होय, तेव्हा आधी सूर मारून अंतर वाढवावे.

मला अधिक गंभीर वाटते ते तुमचे दोघांचे एकदम खाली उतरणे. एकाने हल्ला करावा आणि दुसऱ्याने हजारभर मीटर वर राहून नजर ठेवावी. पहिल्याला चुकवण्यासाठी स्पिटफायर जोरात वळते, तिथेच त्याचा वेग खर्ची पडतो, आणि ते मंदावलेले असतानाच दुसऱ्याने उतरावे. तोवर पहिला पुन्हा वर पोहोचतो.

शत्रू मागे लागलाच, तरी जोडी कामी येते. जपानी झिरो या लढाऊ विमानापुढे अमेरिकी वाइल्डकॅट विमान वळण्यात आणि चढण्यात, दोन्हींत मागे होते. अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून त्यावर तोड काढली : दोघांनी बाजूबाजूने अंतर राखून उडायचे आणि एकामागे शत्रू लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचे, म्हणजे पाठलाग करणारा दुसऱ्याच्या मशीनगनसमोर येतो. सरावात बचाव करणाऱ्या विमानांचे थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मुद्दाम मर्यादित ठेवूनही हल्लेखोराची भूमिका करणारे वैमानिक एडवर्ड ओहेअर यांना नीट हल्ला साधेना. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत थॅच यांनी हीच युक्ती प्रत्यक्ष वापरली.

प्रश्न : लढत सुरू झाली की हेडफोनवर आमचा गोंधळ उडतो. नेमके काय बोलावे?
– तेच वाचक

उत्तर : आधी ज्याला सांगायचे त्याचे नाव घ्यावे, मग काय करायचे ते सांगावे आणि कारण शेवटी. ‘मागे आहे, मागे आहे!’ या ओरडण्यातून कोण कोणाच्या मागे आहे, हे कळत नाही. ‘समीर, डावीकडे वळ, तुझ्या मागे एक’ एवढ्याने काम होते. हल्ला संपवून वर निघताना ‘मी वर चाललो, तू ये’ हे न चुकता सांगावे, कारण वरच्या साथीदाराला उतरण्याची वेळ त्यावरूनच कळते. तो ‘उतरतो’ म्हणाला की वर पोहोचेपर्यंत तुम्ही गप्प राहावे.